चोर्ला घाटात उजव्या वळणावर मागून टकटक: स्पिटफायर मार्क थ्री

शहापूरचा_स्पिटफायर

नमस्कार मंडळी. माझ्याकडं १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री आहे. १२९६ सीसी, साधी पत्र्याची चाकं, तारांची नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून झालंय, पत्र्याचं काम झालंय. मागच्या सस्पेन्शनला मात्र तेव्हा हात लागला नव्हता.

त्रास असा आहे. चोर्ल्याच्या घाटात उजवीकडची लांब वळणं लागली की मागच्या डाव्या बाजूनं टक-टक-टक असा आवाज सुरू होतो आणि गाडी सरळ झाली की थांबतो. डाव्या वळणावर येत नाही. निपाणीपर्यंत हायवेनं जाऊन आलो, सरळ रस्त्याला गाडी एकदम गप्प. ब्रेक दाबून बघितला, फरक नाही. शिवाय गावात स्पीड ब्रेकरवरून हळू जाताना कर्र असा एक निराळाच आवाज येतो.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी शॉकअप गेलेत म्हणून मागचे दोन्ही बदलले. आवाज जसाच्या तसा. आता ते म्हणतात डिफरन्शियल उतरवू. एवढं मोठं काम काढण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा.

खानापूर_रोड

डिकी रिकामी करून बघितली का? स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर काढा आणि मग एक चक्कर मारा. सायलेन्सरचा पाइप हातानं हलवून बघा, चेसिसला कुठं घासल्याची चमक दिसते का. फुकटची कामं आहेत, आधी तीच करायची.

उद्यमबाग_लेथ

टकटकीचा वेग गाडीच्या वेगाबरोबर वाढतो का? हे नीट ऐकून सांगा. वळणात शिरताना एकदाच ठक होऊन गप्प बसत असेल तर काहीतरी सैल आहे आणि वजन पडल्यावर एका बाजूला सरकून बसतंय: बुश, माउंटिंग, पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) नट. वळण संपेपर्यंत चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाजत असेल तर फिरणाऱ्या वस्तूत दोष आहे. या दोन वाटा पहिल्यांदा वेगळ्या करा, निम्मी यादी तिथंच गळते.

शहापूरचा_स्पिटफायर

खानापूर_रोड, डिकी रिकामी केली, पाइपही बघितला, तसं काही नाही. उद्यमबाग_लेथ, काल मुद्दाम जांबोटीच्या पुढं जाऊन ऐकलं. आवाज वेगाबरोबर वाढतो. हळू वळलं तर सुटा सुटा टक, वेग वाढला की टकटक एकमेकांना चिकटतात. ऍक्सिलरेटर दाबला की जास्त मोठा होतो, सोडला तरी पूर्ण जात नाही.

हेराल्डवाले_मामा

शॉकअप कशाला बदलले ओ? शॉकअप चाकाच्या फेऱ्याला टक करत नाही. वर-खाली होताना करेल, खड्ड्यात करेल.

मी पोरवयात बेळगावच्या कॅम्पातल्या एका गॅरेजात ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवर काम शिकलो. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून इथं हेराल्ड बांधली, आणि हेराल्डचं मागचं अंग आणि तुमच्या स्पिटफायरचं मागचं अंग एकाच घराण्याचं. नुसतं बोनेट बघून लोकांना परदेशी गाडीची भीती वाटते. खाली झोपून बघा की, आमची हेराल्डच आहे ती.

आता मांडणी समजून घ्या, म्हणजे आवाज कुठून येणार ते आपोआप कळतं. या गाडीत मागचा एक्सल सलग नाही. डिफरन्शियल चेसिसला धरलेलं, ते चाकाबरोबर हलत नाही. त्याच्या डोक्यावर एकच आडवा पाटा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. पाट्याच्या दोन्ही टोकांना उभा लिंक, आणि त्या लिंकच्या खालच्या टोकात ट्रनियन बुश, ज्यात हाफ शाफ्टची, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याची, बाहेरची हाउसिंग बसते. पुढून एक रेडियस आर्म येतो, तो चाकाला मागं-पुढं जाऊ देत नाही. आणि हाफ शाफ्टला क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) एकच, आतल्या बाजूला, डिफरन्शियलच्या फ्लँजजवळ. चाक वर-खाली होतं ते या क्रॉसभोवतीच.

इथंच खरी गोम आहे. ऍम्बेसेडरच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला नुसतं फिरवायचं काम. तुमच्या गाडीच्या क्रॉसला दोन कामं. एक तर इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा. दुसरं, वळणावर टायर रस्ता धरून गाडीला आतल्या बाजूला ढकलतो, तो सगळा आडवा जोर शाफ्टमधून येऊन याच क्रॉसच्या कॅपवर बसतो. उजवीकडं वळलात की वजन डाव्या चाकावर जातं, म्हणजे डाव्या क्रॉसवर आडवा दाब सगळ्यात जास्त. सरळ रस्त्यावर तो दाब नाही, म्हणून हायवेला गप्प. डाव्या वळणावर दाब उजव्या बाजूला, म्हणून तिथंही गप्प. ऍक्सिलरेटरला मोठा होतो कारण दोन्ही कामं एकाच वेळी पडतात. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय डाव्या हाफ शाफ्टच्या क्रॉसवर, दुसरा डाव्या चाकाच्या बेअरिंगवर. पण बेअरिंग गेलं तर टकटकीपेक्षा घूं असा आवाज येतो आणि तो सरळ रस्त्यालाही थोडा राहतो.

डिफरन्शियल उतरवू नका. आतले दात खराब असते तर सरळ रस्त्यावर, ऍक्सिलरेटर धरताना-सोडताना रडलं असतं.

गडहिंग्लज_रायडर

माझा वेगळा सल्ला. हा मागचा प्रकारच मुळात आपल्या रस्त्यांचा नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनंसुद्धा १९७२ ला गॅझेल काढली तेव्हा मागं सलग एक्सल दिला. कुठल्याही देशी गाडीचा एक्सल आणि दोन बाजूंना पाटे बसवून घ्या, क्रॉस-ट्रनियनची कटकट कायमची मिटेल. कोल्हापुरात असं काम करणारे आहेत.

उद्यमबाग_लेथ

याला माझा ठाम विरोध. गॅझेलला सलग एक्सल दिला हे खरं, पण ती घरगुती चार दरवाज्यांची गाडी होती. १९६८ ची स्पिटफायर आपल्या भागात किती उरल्यात? चेसिसला नवीन ब्रॅकेट वेल्ड केले की ती गाडी पुन्हा मूळ रूपात येत नाही. आणि कागदाचंही बघा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, नंबरात व्हीए येतं ती. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. एका क्रॉससाठी ते घालवायचं?

गडहिंग्लज_रायडर

नोंदणीचा मुद्दा पटला. तेवढं लक्षात नव्हतं घेतलं. मामा, तपासायचं कसं तेही लिहा, माझ्या ओळखीच्या एकांकडं हेराल्ड आहे, त्यांनाही उपयोगी पडेल.

हेराल्डवाले_मामा

लिहितो. सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, चेसिस स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, कुणीही असलं तरी.

बहुतेक लोक इथं फसतात: गाडी उचलली की मागची चाकं खाली लोंबतात आणि आत वाकतात. पाटा खाली ढकलत असतो, शॉकअप धरून ठेवत असतो, सगळे सांधे एका बाजूला ताणून बसतात. अशा वेळी चाक हलवून बघितलं तर प्ले (ढिलेपणा) असून हाताला लागत नाही आणि मिस्त्री म्हणतो सगळं टाइट आहे. म्हणून डाव्या उभ्या लिंकच्या खाली दुसरा छोटा जॅक लावा आणि चाक वर घ्या, गाडी जमिनीवर उभी असताना असतं त्या उंचीपर्यंत. आता हलवा.

आधी चाकाला वर आणि खाली धरून हलवा. दुसऱ्या माणसाला बॅटरी घेऊन आत बघायला सांगा. लिंक आणि हाउसिंग यांच्यामध्ये हालचाल दिसली तर ट्रनियन बुश. हाउसिंग स्थिर राहून हबच हलत असेल तर बेअरिंग. पाट्याच्या टोकाला हलत असेल तर तिथला बुश.

मग चाकाला दोन्ही हातांनी धरून सरळ आत ढकला आणि बाहेर ओढा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं. ही तपासणी फार कमी लोक करतात आणि याच गाडीला ती सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण वळणावरचा जोर याच दिशेनं येतो. आतल्या क्रॉसवर बोट ठेवून करा, प्ले असेल तर बोटाला टिचकी लागते. त्यानंतर फ्लँज एका हातानं, शाफ्ट दुसऱ्या हातानं धरून उलटसुलट पिळा. कॅपच्या कडेला गेरूसारखी तांबडी धूळ दिसली तर आत ग्रीस संपलंय आणि सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) गंजल्यात, अजून काही शोधायला नको. फ्लँजचे चार नट-बोल्टही बघा, ते सैल झाले तरी असाच आवाज येतो.

रेडियस आर्मचे रबरी बुश दोन्ही टोकांना फाटलेत का बघा. त्याचं लक्षण निराळं असतं, वळणात ऍक्सिलरेटर सोडला की गाडी मागून स्टेअरिंग फिरवल्यासारखी वाटते.

शेवटी डिफरन्शियलचे रबर. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा आणि दुसऱ्या माणसाला लांबून बाजूनं बघू द्या, डिफरन्शियलचं नाक वर उचलतं का. थोडं उचलणारच. ठक करून उचललं तर माउंटिंग. हे करताना गाडीच्या पुढं किंवा खाली कुणी नको.

खानापूर_रोड

भर घालतो. शंका राहिली तर मोबाइल किंवा छोटा कॅमेरा चेसिसला पट्टीनं घट्ट बांधून क्रॉसकडं तोंड करून लावा आणि एखाद्या मोकळ्या मैदानात हळू गोल गोल फिरवा, उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा. मध्येच न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू द्या. जोर काढून घेतल्यावरही आवाज राहिला तर तो आडव्या दाबाचा. घाटात मात्र न्यूट्रल करू नका.

शहापूरचा_स्पिटफायर

मामा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. निकाल लिहितो.

चाक लोंबत ठेवून आधी हलवलं, मुद्दाम, फरक बघायला. काहीच लागलं नाही. मग लिंकखाली जॅक लावून चाक उंचीवर घेतलं आणि आत-बाहेर ओढलं. आतल्या क्रॉसवर स्पष्ट टिचकी. शाफ्ट पिळला तर हलका पण नक्की प्ले. आणि दोन कॅपच्या कडेला तांबडी धूळ, बोट लावलं की येते. चार नट घट्ट आहेत.

डाव्या ट्रनियनलाही हालचाल आहे, खाली-वर हलवताना लिंक आणि हाउसिंगमध्ये दिसते. उजवीकडं क्रॉस ठीक, ट्रनियनला थोडा प्ले. बेअरिंग दोन्हीकडं गुळगुळीत. रेडियस आर्मचे बुश जुने पण फाटलेले नाहीत. डिफरन्शियलचं नाक थोडंच उचलतं, ठक नाही.

प्रश्न: क्रॉस बदलायला हब काढावा लागेल का? ते फार अवघड असतं असं वाचलंय. आणि ट्रनियनचे बुश इथं करून मिळतील का?

हेराल्डवाले_मामा

शाब्बास, असंच व्यवस्थित काम पाहिजे. आता तुला अरेतुरे करतो, राग मानू नको.

हबला हात लावायचा नाही. तो टेपरवर चावी घालून बसवलेला असतो, खास पुलरशिवाय निघत नाही आणि हातोडा मारला तर शाफ्टचं टोक किंवा बेअरिंग जातं. क्रॉस आतल्या टोकाला आहे, अख्खा शाफ्ट लिंकसकट बाहेर घे आणि टेबलावर काम कर.

क्रम पाळ. लिंकखाली जॅक असू दे. या गाडीत चाक खाली किती लोंबायचं ते शॉकअप धरून ठेवतो. जॅक न लावता शॉकअपचा बोल्ट काढलास तर पाटा झटक्यानं खाली येतो, बोटं जातील. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल सोड. रेडियस आर्म सोडताना पुढच्या ब्रॅकेटमागं पातळ शिम असतील, कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेव आणि तशाच परत घाल. मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती, त्यावर ठरतो. मग शॉकअप, मग जॅक हळूहळू खाली घेऊन पाट्याचा ताण उतरव, मग पाट्याच्या टोकाचा बोल्ट, आणि शेवटी फ्लँजचे चार.

क्रॉस काढताना सर्कलिप काढून व्हाइसमध्ये सॉकेट लावून दाब. योकच्या कानाला हातोडा नको. कॅप निघाली की योकचं भोक बघ. कॅप भोकात फिरून भोक मोठं झालं असेल तर नवीन क्रॉस टिकणार नाही, शाफ्टच बदलावा लागतो. नवा क्रॉस घेताना गाडीचं नाव सांगून घेऊ नको. कॅपचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कॅपच्या बाहेरचं अंतर व्हर्नियरनं माप, जुना नमुना हातात घेऊन जा. निप्पलवाला की बंद, यावर भांडणं होतात. निप्पलसाठी क्रॉसला आरपार भोक असतं, तेवढा तो कमजोर. आडवा जोर घेणाऱ्या जागी मी बंद, चांगल्या कंपनीचा घालतो. बसवताना एक सुई आडवी पडून कॅपच्या तळाशी गेली तर कॅप पूर्ण बसत नाही, सर्कलिप जात नाही. तिथं जोर लावायचा नाही, उघडून बघायचं.

उद्यमबाग_लेथ

ट्रनियनच्या बुशबद्दल मी सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. मूळ बुश नायलॉनचे, आत लोखंडी नळी, नळीतून बोल्ट. बोल्ट आवळला की नळी लिंकच्या दोन कानांत घट्ट होते आणि बुश नळीवर फिरतो. म्हणून नळी बुशपेक्षा किंचित लांब लागते. बुश लांब झाला तर कानात आवळला जाईल आणि फिरणारच नाही.

आता बेळगावची गोष्ट. आपल्याकडं पावसाळ्यात महिनोन् महिने हवा ओली. नायलॉन पाणी शोषून फुगतं. मे महिन्यात बरोबर मापाचा केलेला नायलॉनचा बुश जुलैत नळीवर आवळून बसतो, मग चाक वर-खाली होताना कुरकुरतो आणि नळी गंजते. म्हणून मी डेलरिन या प्लॅस्टिकचा रॉड वापरतो. तो फार कमी पाणी घेतो, माप टिकतं, कातायलाही सोपा. नायलॉनच पाहिजे असेल तर जागा थोडी जास्त सोडावी लागते. जुनी नळी परत घालू नका, तिच्यावर खाचा पडलेल्या असतात आणि नव्या बुशला त्या खातात. नळी आणि बोल्ट दोन्ही नवे.

जुना बोल्ट नळीत गंजून अडकलेला असण्याची शक्यता मोठी. ठोकू नका, लिंकचा कान वाकतो. नळी आणि कानाच्या मधून ब्लेडनं दोन्ही बाजूला कापून काढा. आणि धुळीपासून बचावाचे सील विसरू नका, खानापूरकडची लाल माती आत गेली की नवा बुशही जातो.

गडहिंग्लज_रायडर

आणि कर्र आवाज? तो राहिलाच की.

हेराल्डवाले_मामा

तो पाट्याचा. पानांच्या टोकाला मध्ये छोटी बटणं असतात, ती झिजली की पान पानावर घासतं. हळू जाताना पाटा पूर्ण वाकतो म्हणून स्पीड ब्रेकरवरच ऐकू येतं. काम निघालंच आहे तर पाटा खाली घेऊन साफ कर, बटणं बदल. पाट्याचे डिफरन्शियलवरचे नट सीटच्या मागची झाकणपट्टी काढली की वरून मिळतात. जळकं इंजिन ऑइल मात्र ओतू नको, टोकाच्या रबराला ते खातं. पाटा बसलेला असेल, म्हणजे चाकं वरून आत झुकलेली दिसत असतील, तर तेही बघून घे.

शहापूरचा_स्पिटफायर

काम झालं. डाव्या क्रॉसच्या दोन कॅपमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता, सुयांच्या खुणा क्रॉसच्या बोटावर नखाला लागतील एवढ्या खोल. योकची भोकं मात्र चांगली निघाली, शाफ्ट वाचला. ट्रनियनचा बोल्ट सांगितल्याप्रमाणे अडकलेला होता, कापून काढला. दोन्ही बाजूंना डेलरिनचे बुश, नवीन नळ्या, नवीन सील. पाटा साफ करून बटणं घातली. मापासाठी उद्यमबाग_लेथ यांनी फोनवर जो वेळ दिला त्याबद्दल मनापासून आभार.

आज सकाळी चोर्ल्याला जाऊन आलो. उजव्या वळणावर आवाज नाही. स्पीड ब्रेकरवर नाही. मागचं अंग आता कुठं आहे ते सीटवर बसून कळतं, आधी वळणात एक लहानसा सरकल्याचा भास व्हायचा, तो गेला. तो भास मला या गाडीचा स्वभाव वाटत होता.

दोन शंका. उजव्या बाजूचा क्रॉस ठीक आहे, तो आत्ताच बदलू का? आणि रबरी बुशचे बोल्ट स्टँडवरच आवळलेत, चालेल ना?

हेराल्डवाले_मामा

नाही चालणार. पाट्याच्या टोकाचे आणि रेडियस आर्मचे बोल्ट आज सोड, गाडी चाकांवर उभी कर, दोन माणसं आत बसव, गाडी दोन-चारदा दाबून सोड, आणि मग आवळ. चाक लोंबत असताना आवळलं की रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं, गाडी मागून उंच उभी राहते. ट्रनियनचा बोल्ट कुठल्याही उंचीवर आवळला तरी चालतो, तिथं नळी आहे.

उजवा क्रॉस बदलून टाक. दोन्ही एका वयाचे, एकाच पाण्यात भिजलेले. चोर्ल्याला परत येताना डावी वळणं तेवढीच असतात.

आणि एक गोष्ट आवाजाशी संबंधित नाही पण सांगायलाच पाहिजे. आता गाडी घट्ट झाली म्हणून घाटात वेग वाढवशील. या मांडणीत वळणाच्या मध्यात ऍक्सिलरेटर एकदम सोडला किंवा ब्रेक मारला तर मागची बाजू वर उचलते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि पकड सुटते. नंतरच्या मार्क फोरला ट्रायम्फनं पाटा अशा तऱ्हेनं बसवला की फक्त खालचं पान घट्ट, बाकीची मोकळी झुलतात, ते याच कारणासाठी. तुझ्या मार्क थ्रीला ते नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ऍक्सिलरेटर हलका धरून ठेवायचा. मागच्या टायरात हवा पुढच्यापेक्षा जास्त ठेव, सारखी नको.

खानापूर_रोड

फ्लँजचे चार नट थोडी गाडी चालवून झाल्यावर परत एकदा तपासा. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले नट) जुनेच घातले असतील तर नवे घाला.

शहापूरचा_स्पिटफायर

नायलॉक नवेच आहेत. बोल्ट सोडून मामांनी सांगितलं तसे चाकांवर आवळतो. उजव्या क्रॉसचं मापही आज घेतो, डाव्याशी जुळलं तर उद्याच आणतो.